नेसण्याला वळण लावणारा नट

समाजातील स्त्रियांनी पदर कसा घ्यावा, अंबाड्यावर गजरा कसा माळावा आणि निऱ्यांचा घोळ पावलांवर कितपत येऊ द्यावा, याचे धडे त्यांनी एका पुरुषाकडून घ्यावेत, हा योग विरळाच म्हणावा लागेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत महाराष्ट्रात मात्र तो घडून आला. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व हे नाव आज प्रामुख्याने नाट्यसंगीताच्या संदर्भात घेतले जाते आणि ते योग्यही आहे. पण त्यांच्या काळातला प्रेक्षक नाट्यगृहातून घरी परतताना कानांत जशी पदे घेऊन जात असे, तसे डोळ्यांत एक नेसणेही घेऊन जात असे. ते नेसणे पुढे हळदीकुंकवाच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात आणि छायाचित्रकाराच्या पडद्यापुढे अवतरले. रोजच्या जगण्यात शोभेला, नीटनेटकेपणाला काय स्थान असावे, याविषयीची मराठी मध्यमवर्गाची कल्पना घडविण्यात या नटाचा वाटा मोठा आहे. त्या वाट्याची किंमतही त्यांनी आयुष्यभर मोजली.

नागठाण्याचा नारायण

नारायणरावांचा जन्म 26 जून 1888 रोजी झाला. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठचे नागठाणे हे त्यांचे गाव. घरची परिस्थिती बेताची, पण गळा लहानपणापासूनच गोड. शिक्षणासाठी त्यांना काही काळ जळगावला ठेवण्यात आले आणि तेथे मेहबूब खाँ यांच्याकडे त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. दहा वर्षांच्या आसपासच्या या मुलाचे गाणे पुण्यात लोकमान्य टिळकांच्या कानी पडले आणि त्यांनी त्याचे कौतुक करताना बालगंधर्व ही उपाधी दिली, असे सांगितले जाते. उपाधी अशी चिकटली, की मूळ नाव मागे पडले.

त्या वेळी किर्लोस्कर नाटक मंडळी अडचणीत होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये शाकुंतल रंगभूमीवर आणून संगीत नाटकाची परंपरा उभी केली. पुढे त्या मंडळीची नायिका म्हणून भाऊराव कोल्हटकरांनी रसिकांना वेड लावले. 1901 मध्ये भाऊराव गेले आणि मंडळीचा कणाच मोडला. कुलीन घरातील स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे त्या काळात अशक्यप्राय होते. त्यामुळे सुरेल गळ्याचा आणि देखण्या चेहऱ्याचा मुलगा मिळणे हा नाटक मंडळीच्या जीवनमरणाचा प्रश्न असे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या आश्रयाने आणि आग्रहाने नारायणरावांचा या मंडळीत प्रवेश झाला. 1905 मध्ये मिरजेत ते शकुंतलेच्या वेषात प्रथम प्रेक्षकांपुढे आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते.

वेष आणि सोंग

रंगभूमीवर पुरुषाने स्त्रीचा वेष घेणे ही तेव्हा नवलाची बाब नव्हती. दशावतारापासून विष्णुदास भाव्यांच्या पौराणिक खेळांपर्यंत ती प्रथा चालत आली होती. पण त्या वेषात पुष्कळदा सोंगाचा भाग अधिक असे. गाणे चांगले असले की प्रेक्षक बाकीच्या गोष्टी चालवून घेत. नारायणरावांनी नेमके हेच चालवून घेणे बंद केले. स्त्री कशी उठते, बसताना लुगड्याचा घोळ कसा आवरते, वडीलधारे समोर आले की पदर कसा सावरते, रागावली असता मान कशी वळवते, या गोष्टींचा त्यांनी गाण्याइतकाच अभ्यास केला. नऊवारी लुगडे हे नेसायला अवघड वस्त्र. कमरेशी घट्ट गाठ, पोटाशी निऱ्या, मागे नेऊन खोचलेला काष्टा आणि खांद्यावरून येणारा पदर, यांतले एकही अंग सैल पडले की सारे नेसणे विस्कटते. नारायणराव ते नेसून तासन् तास गात आणि वावरत. तरीही ते अंगावर चढवलेले न दिसता अंगचेच दिसे, ही त्यांची किमया होती.

प्रेक्षकांची दृष्टीही तोवर तयार झालेली होती. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाप्रती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घरोघरी पोहोचल्या होत्या. त्यांतल्या लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणातल्या नायिका भरजरी वस्त्रांत भिंतीवर विराजमान झाल्या होत्या. मात्र चित्रातली स्त्री हलत नव्हती. बालगंधर्वांची नायिका चालत होती, लाजत होती, रुसत होती आणि गातही होती. चित्रातले वस्त्र केवळ पाहण्याचे होते. नाटकातले वस्त्र वागवायचे कसे, हे दिसत होते. त्यामुळे ते उचलता येण्याजोगे होते.

भामिनीचे दागिने

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे मानापमान 12 मार्च 1911 रोजी मुंबईत रंगभूमीवर आले. गोविंदराव टेंबे यांचे संगीत आणि बालगंधर्वांची भामिनी यांमुळे ते नाटक अमाप गाजले. या प्रयोगाच्या दिवशीच नारायणरावांच्या लहान मुलीचे निधन झाले होते. प्रयोग रद्द करावा, असे अनेकांना वाटत असताना त्यांनी तोंडाला रंग लावला आणि प्रेक्षकांना कसलीही चाहूल लागू न देता भूमिका पार पाडली. ही हकिगत त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून नेहमी सांगितली जाते. साजशृंगार ही त्यांच्या लेखी हौस नव्हती, प्रेक्षकाशी केलेला करार होता, हेही तिच्यातून दिसते.

मानापमानाचे कथानक या दृष्टीने लक्षणीय आहे. श्रीमंत घरची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते आणि पुढे वनमाला या साध्या मुलीच्या वेषात त्याच्याच प्रेमात पडते. दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर मात्र भित्रा आणि हास्यास्पद ठरतो. म्हणजे अलंकार कोणाला शोभतात आणि कोणाला नाही, हाच नाटकाचा एक विषय होता. एकाच प्रयोगात भामिनीचा थाट आणि वनमालेचा साधेपणा अशी दोन्ही रूपे बालगंधर्व दाखवीत. साध्या वेषातही ती व्यक्ती तितकीच लोभस राहते, हे प्रेक्षक डोळ्यांनी पाहात होते.

1913 मध्ये नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय तिला लाभला. 10 डिसेंबर 1916 रोजी खाडिलकरांचे स्वयंवर आले. भास्करबुवा बखले यांच्या चालींनी आणि बालगंधर्वांच्या रुक्मिणीने या नाटकाला अक्षय कीर्ती मिळवून दिली. सुभद्रा, शारदा, वसंतसेना, रेवती, भामिनी, रुक्मिणी अशी नायिकांची मालिकाच तयार झाली आणि प्रत्येकीचे नेसणे, केशरचना, चाल निराळी होती. राजकन्येचा थाट गणिकेच्या थाटाहून वेगळा आणि गणिकेचा गृहिणीहून वेगळा, हा विवेक त्यांनी कसोशीने पाळला.

घराघरांत उतरलेली नायिका

या नायिकांचे अनुकरण सुरू झाले ते शहरांतल्या सुखवस्तू घरांतून. पदर घेण्याची ढब, अंबाड्याभोवतीची वेणी, नथीची ठेवण, हातातला रुमाल या गोष्टी बालगंधर्वी पद्धतीने होऊ लागल्या. त्यांची स्त्रीवेषातील छायाचित्रे विकली जात. साबण, पावडर यांसारख्या वस्तूंच्या जाहिरातींत त्यांची छबी झळकू लागली. पुरुषही मागे राहिले नाहीत. गंधर्व टोपी या नावाने एक टोपी प्रचारात आली. नाटकातील नट आणि बाजारातील माल यांची अशी सांगड महाराष्ट्राला तोवर फारशी परिचित नव्हती. पुढे चित्रपटतारकांच्या बाबतीत जे घडले, त्याची ही नांदी होती.

या अनुकरणामागचे कारण केवळ मोह हे नव्हते. त्या काळातील मध्यमवर्गीय स्त्रीला घराबाहेर वावरण्याच्या जागा मोजक्याच होत्या. शिक्षण नुकते दाराशी आले होते. सण, समारंभ, देवदर्शन आणि नाटक एवढ्याच निमित्तांनी ती चार लोकांत मिसळे. कसे दिसावे याचा निर्णय बहुधा सासू किंवा आई घेई आणि स्वतःच्या दिसण्याकडे लक्ष देणे हे छचोरपणाचे लक्षण मानले जाई. बालगंधर्वांनी या समजुतीला धक्का दिला. त्यांची नायिका नटलेली असे, पण थिल्लर नसे. तिचा पदर ढळत नसे आणि तरीही ती देखणी असे. शालीनता आणि शोभा एकत्र नांदू शकतात, हे त्या नायिकेने दाखवून दिल्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आक्षेप घेण्यास जागा उरली नाही. कुलीन स्त्रीला नीट दिसण्याची मुभा अशा रीतीने आडवाटेने मिळाली.

या चित्राची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. स्त्रीत्वाचा हा आदर्श एका पुरुषाने घडविला होता आणि तो पाहणारे व मानणारेही बरेचसे पुरुषच होते. शेतात राबणारी, गिरणीत जाणारी, डोक्यावर ओझे वाहणारी स्त्री त्यात बसत नव्हती. नऊवारी तीही नेसत होती, पण तिचा काष्टा कामासाठी वर खोचलेला असे. तमाशातल्या आणि कलावंतांच्या घरातल्या स्त्रिया पिढ्यान् पिढ्या गात, नाचत आणि उत्तम नेसत आल्या होत्या. समाजाने त्यांच्याकडून ते सौंदर्य उघडपणे स्वीकारले नाही. तेच एका कुलीन ब्राह्मण पुरुषाने दाखविले तेव्हा मात्र डोक्यावर घेतले.

सिंधूचे ठिगळ

वैभवाच्या या काळातच बालगंधर्वांनी आपल्या कारकिर्दीतील सर्वांत साधा वेष केला. राम गणेश गडकरी यांचे एकच प्याला हे नाटक त्यांच्या निधनानंतर जेमतेम महिनाभरात, फेब्रुवारी 1919 मध्ये बडोद्याला रंगभूमीवर आले. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू. दारूच्या आहारी गेलेल्या नवऱ्याच्या संसारात ही सिंधू एकेक वस्तू गमावत जाते आणि अखेर दुसऱ्यांचे दळण दळून मुलाला जगवते. शालू आणि शेल्यांसाठी ज्यांची ख्याती होती, ते बालगंधर्व या भूमिकेत जुनेर, ठिगळ लावलेले लुगडे नेसून जात्यापुढे बसले.

प्रेक्षकांनी या सिंधूला रुक्मिणीइतकेच प्रेम दिले. ठिगळाच्या लुगड्यातही तिचे नेसणे गबाळे नव्हते. पदर फाटका होता, पण जागेवर होता. अंगावर मणीही उरला नव्हता, पण बसण्याउठण्यातली मर्यादा सुटली नव्हती. दारिद्र्य आणि गलथानपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाणीव त्या भूमिकेने हजारो घरांपर्यंत नेली. शालू विकत घेणे ज्यांना शक्य नव्हते, अशा स्त्रियांसाठी सिंधूच अधिक जवळची होती. बालगंधर्वांनी घालून दिलेल्या वळणाचे खरे मर्म येथे सापडते. वस्त्राची किंमत नव्हे, तर ते वागविण्यातली आस्था माणसाला देखणे करते, हे त्यांच्या सर्वांत स्वस्त वेषाने सिद्ध केले.

अत्तर आणि कर्ज

दुर्दैवाने हे मर्म त्यांच्या व्यवहारात उतरले नाही. रंगमंचावर खोटे काही चालायचे नाही, हा त्यांचा हट्ट वाढत गेला. भरजरी वस्त्रे, उंची अत्तरे, मखमली पडदे, गालिचे यांवर मंडळी पाण्यासारखा पैसा खर्च करू लागली. साथीला अहमदजान थिरकवा यांच्यासारखे तबलावादक आणि कादरबक्ष यांच्यासारखे सारंगीवादक होते. त्यांचा आणि साऱ्या लवाजम्याचा योगक्षेम मंडळी चालवी. 1920 मध्ये आलेल्या खाडिलकरांच्या द्रौपदी नाटकाच्या मांडणीवर तर अवाढव्य खर्च झाला. भागीदार एकेक करून बाहेर पडले आणि 1921 च्या सुमारास मंडळीची सारी मालकी नारायणरावांकडे आली तेव्हा तिच्यासोबत कर्जाचा डोंगरही आला.

त्याच वर्षी, 8 जुलै 1921 रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी ललितकलादर्श मंडळीबरोबर संयुक्त मानापमानाचा ऐतिहासिक प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. मराठी रंगभूमीवरील दोन गंधर्वकंठांना एकत्र ऐकण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. खादीच्या आणि साधेपणाच्या चळवळीला निधी मिळवून देण्यासाठी भरजरी भामिनी उभी राहिली, हा त्या काळाचा एक वेधक विरोधाभास होता. कर्ज फेडण्यासाठी नारायणरावांनी पुढे अनेक वर्षे प्रयोगांचा धडाका लावला. सावकाराचे पैसे बुडविणे त्यांना मान्य नव्हते आणि सजावटीतली काटकसरही मान्य नव्हती.

दरम्यान काळ बदलला. बोलपट आले. शहरांतल्या तरुण मुली नऊवारी सोडून पाचवारी साडीकडे वळू लागल्या. शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या, नोकरी करणाऱ्या स्त्रीला ती सोयीची होती. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने आंधळ्यांची शाळा हे नाटक सादर केले आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. रंगभूमीवर स्त्री आली आणि स्त्रीपार्टी नटाची गरज ओसरू लागली. बालगंधर्व प्रभात फिल्म कंपनीकडे गेले. 1935 मध्ये व्ही. शांताराम दिग्दर्शित धर्मात्मा या चित्रपटात ते संत एकनाथ झाले. पुरुषवेषातील बालगंधर्व पाहण्यास प्रेक्षक फारसे उत्सुक नव्हते आणि समोर प्रेक्षक नसताना अभिनय करणे त्यांनाही मानवले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे परतले.

गोहरबाई आणि उत्तरायण

याच काळात गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. गोहरबाई त्यांच्या गायकीच्या निस्सीम चाहत्या होत्या आणि त्या ढंगाने उत्तम गातही असत. ज्या भूमिका नारायणरावांनी अजरामर केल्या, त्या आता एक स्त्री करू लागली आणि ते तिच्यासमोर नायक म्हणून उभे राहू लागले. खऱ्या स्त्रीला रंगमंचावर स्त्री होण्यासाठी एका पुरुषाची प्रतिमा समोर ठेवावी लागली, असा हा उलटा प्रवास होता. मुसलमान कलावंत घराण्यातील या स्त्रीशी त्यांनी जोडलेले नाते अनेक चाहत्यांना रुचले नाही. पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई 1940 मध्ये निवर्तल्या होत्या. 1951 मध्ये नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. त्यानंतर जुन्या मंडळींपैकी कित्येकांनी पाठ फिरवली. रुक्मिणीवर जीव टाकणाऱ्या समाजाला गोहरबाई परक्याच राहिल्या.

वय झाले, शरीर स्थूल झाले, तरी बालगंधर्वांनी लुगडे सोडले नाही. लोकांना ते तसेच हवे होते आणि पोटासाठी ते आवश्यकही होते. ज्या वेषाने त्यांना राजवैभव दिले, त्याच वेषाने त्यांना वृद्धापकाळी अडकवून ठेवले. पुढे पायांतली शक्ती गेली आणि चालणे थांबले. ज्यांच्या चालीवर महाराष्ट्र भाळला होता, त्यांनी अखेरची वर्षे बसून काढली. 1955 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1964 मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच 1964 साली गोहरबाई गेल्या. 15 जुलै 1967 रोजी पुण्यात बालगंधर्वांचे निधन झाले.

उरलेले वळण

पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला 1962 मध्ये त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली होती. 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते खुले झाले. ते पाहण्यास ते हयात नव्हते. गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली त्यांची दोन भव्य चित्रे तेथे आहेत, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. 2011 मध्ये त्यांच्या जीवनावर बालगंधर्व हा चित्रपट आला. त्याला पार्श्वगायनाबरोबरच वेशभूषा आणि रंगभूषा यांसाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, हे या नटाच्या बाबतीत औचित्यपूर्णच झाले.

नऊवारी आता रोजच्या वापरातून जवळजवळ गेली आहे. गिरगावातली जुनी चाळ असो की मीरा-भाईंदरमधील हाटकेशसारखी नवी वस्ती, पाडव्याला किंवा घरच्या लग्नात मात्र ती कपाटातून बाहेर निघते. सोबत नथ, ठुशी आणि गजरा येतो. पुष्कळदा ती शिवून तयार मिळणारी नऊवारी असते, कारण काष्टा घालायला शिकविणारी आजी आता प्रत्येक घरात नाही. ती नेसणाऱ्या मुलींपैकी अनेकींनी बालगंधर्वांचे पद ऐकलेलेही नसेल. पण आरशापुढे उभे राहून पदराची घडी खांद्यावर नीट बसेपर्यंत ती दोनदा मोडून पुन्हा घालणे, ही सवय अजून टिकून आहे. शंभर वर्षांपूर्वी गंधर्व मंडळीच्या रंगपटात एक नट प्रयोगापूर्वी हेच करीत असे.